सुबाथू, शिमला, कोटगढ: साधू सुंदरसिंगांच्या वाटेवर आत्यासोबत

हिमाचलला जायचं म्हटल्यावर घरातल्यांनी मनाली-रोहतांगचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली आणि आत्याने एकच नाव घेतलं, सुबाथू. आत्या रिटायर्ड नर्स आहे, सगळी नोकरी मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात गेली, गुडघे दुखतात पण चढ दिसला की सगळ्यात पुढे तीच. आमच्या नगरकडच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांमधे साधू सुंदरसिंगांचा तो फोटो असतो, भगवा झगा, फेटा, काळी दाढी. आत्याने लहानपणापासून त्यांच्या गोष्टी ऐकलेल्या, पण तो माणूस नेमका कुठे राहायचा, कुठून निघायचा, हे बघायचं तिच्या मनात फार वर्षं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म 3 सप्टेंबर 1889, पंजाबात लुधियान्याकडच्या रामपूर गावात, खातंपितं शीख घर. आई फार भक्तिमार्गी, साधुसंतांकडे पोराला घेऊन जाणारी. पोरगा चौदा वर्षांचा असताना ती गेली आणि तो पार बिथरला, मिशनच्या शाळेत शिकत होता तरी रागाने बायबल जाळलं, आणि डिसेंबर 1904 मधे रेल्वेखाली जीव द्यायचं ठरवलेल्या पहाटे ख्रिस्ताचं दर्शन झालं असं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. घरच्यांनी बाहेर काढलं. सोळावं वर्ष पूर्ण झालं त्याच दिवशी शिमल्यात बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर साधारण महिन्याभरात भगवे कपडे घालून अनवाणी निघाले, ते 1929 मधे तिबेटच्या वाटेला लागून गायब होईपर्यंत हिंडतच होते.

एक टीप आत्ताच देऊन ठेवतो. नकाशात रामपूर शोधलंत तर हिमाचलातलं सतलजकाठचं रामपूर बुशहर आधी येतं. ते साधूंचं गाव नाही. त्यांचं रामपूर पंजाबातलं, आम्ही तिकडे गेलो नाही.

दिवस पहिला: कालका ते सुबाथू

कालक्याहून टॉय ट्रेन धरली पण शिमल्यापर्यंत न जाता धरमपूरलाच उतरलो. ही लाइन 1903 मधे सुरू झाली, म्हणजे साधूंच्या बाप्तिस्म्याच्या दोनच वर्षं आधी, पूर्ण 96 किलोमीटर आणि शंभरावर बोगदे. आत्या खिडकीत बसून प्रत्येक बोगद्यात डोळे मिटून घेत होती, का विचारलं तर म्हणाली धूळ जाते, आणि इंजिन डिझेलचं, धूळ कुठली! असो. धरमपूरहून टॅक्सीने सुबाथू, पंधराएक किलोमीटर, चिडाच्या झाडांमधून उतरत जाणारा रस्ता.

सुबाथू म्हणजे छोटी छावणी. इथे गोरखा रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर आहे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ पोरं घोळक्याने पळताना दिसतात. बाजार एवढासा, दहा मिनिटांत संपतो. सप्टेंबरचा मध्य होता, पाऊस जायच्या बेतात पण गेलेला नाही, ढग रस्त्यावरच येऊन बसलेले. एका टपरीवर मोमो खाल्ले, गोरखा गाव असल्यामुळे असेल पण चटणी अशी तिखट की आत्यासारखी नगरी मिरची खाणारी बाईसुद्धा दोन मिनिटं गप्प झाली. तेवढी शांतता मला फार दिवसांनी मिळाली.

सुबाथूचं साधूंशी नातं दुहेरी आहे. घरातून काढल्यावर पंधरा वर्षांच्या मुलाला मिशनवाल्यांनी इथे आणून ठेवलं, नातेवाइकांपासून लांब. आणि पुढे जगभर फिरून तब्येत ढासळल्यावर, छातीचा आणि डोळ्यांचा त्रास वाढल्यावर, घर घेतलं तेही इथेच. शेवटची वर्षं याच गावात लिहिण्यात गेली, सगळी मिळून सहा छोटी पुस्तकं. बाजारात तीन-चार जणांना ते घर विचारलं. एकाने डोंगराच्या या बाजूला हात केला, दुसऱ्याने त्या बाजूला, तिसऱ्याने विचारलं कौनसे साधू, कुटियावाले? पाटी कुठेही दिसली नाही. मला जरा हिरमुसल्यासारखं झालं. आत्या मात्र बिनधास्त, म्हणाली, "अरे ज्या माणसाने मंडळ काढलं नाही, मठ काढला नाही, त्याची पाटी लावणार कोण?"

हे खरंच आहे. सभांना एवढी गर्दी व्हायची पण स्वतः कुणाला बाप्तिस्मा द्यायचे नाहीत, जो तयार होईल त्याला तिथल्याच चर्चच्या मंडळीकडे पाठवायचे. शिष्यांचा पंथ नाही, देणगीचं पुस्तक नाही. मी लहानपणी ज्या उज्जीवन सभांना गेलोय तिथे स्टेज, लाउडस्पीकर, पाळकांच्या खुर्च्यांचा मानापमान आणि शेवटी दानाची थैली असायचीच, त्यामुळे हे मला जरा जास्तच जाणवलं.

दिवस दुसरा: सुबाथूच

सकाळी कुष्ठाश्रमाच्या रस्त्याला लागलो. या भागात कुष्ठरुग्णांचं काम फार जुनं. वेलस्ली बेली नावाचा आयरिश तरुण 1869 मधे खाली अंबाल्यात शिकवायला आला होता, तिथे त्याने पहिल्यांदा कुष्ठरुग्णांची वस्ती पाहिली आणि 1874 मधे डब्लिनला परत जाऊन या रुग्णांसाठी मिशन काढलं, तीच आजची लेप्रसी मिशन. सुबाथूचा आश्रम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टरांनी चालवला. 1904 मधे फिलाडेल्फियाच्या श्रीमंत घरातला, सॅम्युअल स्टोक्स नावाचा बावीसेक वर्षांचा पोरगा इथे काम करायला आला. या स्टोक्सची आणि साधूंची पुढे जोडी जमली, दोघांनी मिळून इथल्या रुग्णांची सेवा केली. त्याच्याबद्दल कोटगढला सांगतोच.

रस्त्यातल्या चहाच्या टपरीवर एक म्हातारे बाबा बसले होते, हाताची बोटं झडलेली, ग्लास दोन्ही तळव्यांमधे धरून पीत होते. आत्या सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल तर, "भैया, चप्पल कौनसी पहनते हो?" बाबांनी पाय पुढे केला. काळं मऊ रबर, एमसीआर चप्पल, बधिर पायांना जपणारी. मग पुढचा अर्धा तास दोघं पायांवर बोलत होते. तिचं हिंदी म्हणजे मराठीला "है" लावलेलं, तरी सगळं समजत होतं. रोज पाय पाण्यात भिजवायचे, जाड कातडी घासायची, तेल लावायचं, रात्री झोपायच्या आधी तळवे आरशात बघायचे कारण खिळा घुसला तरी कळत नाही. बाबा म्हणाले गोळ्या खाऊन पूर्ण बरा झालोय, चाळीसेक वर्षं झाली, पण गावी परत गेलो नाही. आत्याने का ते विचारलं नाही. मीच नंतर विचारलं की तू का नाही विचारलंस, तर म्हणाली, "मला माहितीये ना."

परत येताना ती बोलायला लागली. 1982 नंतर एमडीटी आलं, तीन औषधं एकत्र, तेव्हापासून हा आजार पक्का बरा होतो. साधूंच्या काळात चौलमुग्राचं तेल सोडलं तर हातात काही नव्हतं, म्हणजे आज धुतलेली जखम उद्या पुन्हा धुवायची आणि माणूस बरा होणार नाही हे दोघांनाही ठाऊक. "सोळा-सतरा वर्षांचं पोर ते करत होतं," आत्या म्हणाली, "तुमचे ते चमत्कार बाजूला ठेवा."

टीप: छावणी आहे, कुठेही फोटो काढू नका, ओळखपत्र जवळ ठेवा. आणि कुष्ठाश्रमाकडे कॅमेरा घेऊन तर जाऊच नका. राहायच्या सोयी कमी आहेत, कसौलीत राहून दिवसभरासाठी इकडे आलं तरी चालतं.

दिवस तिसरा: शिमला

रविवार होता म्हणून रिजवरच्या क्राइस्ट चर्चमधे हिंदी उपासनेला बसलो. बाहेर हजार माणूस सेल्फी काढत होता, आत मोजकी मंडळी. साधूंचा बाप्तिस्मा या चर्चमधला नाही, तो सेंट थॉमस चर्चमधला, 3 सप्टेंबर 1905, रेडमन नावाच्या मिशनऱ्याच्या हातून. गाइड लोक सरसकट क्राइस्ट चर्च दाखवून मोकळे होतात.

उपासनेनंतर एका काकांशी ओळख झाली, रिटायर्ड शिक्षक. त्यांनी एक गोष्ट छान सांगितली जी मला अर्धवटच माहीत होती. 1909 मधे साधूंना लाहोरच्या डिव्हिनिटी कॉलेजात घातलं होतं, पाळक करायचं म्हणून. काही महिन्यांतच सोडलं. प्रचाराचं लायसन मिळालं होतं, पण बिशप म्हणाले की आता तुमच्या हद्दीबाहेर प्रचार करता येणार नाही, तर त्यांनी लायसनच परत करून टाकलं. हद्दीत बसणारा माणूसच नव्हता तो. काका म्हणाले, आज त्याच चर्चवाल्यांच्या कॅलेंडरमधे 19 जूनला सुंदरसिंगांचं स्मरण असतं, चर्च ऑफ इंग्लंडच्या. हे सांगताना काका मजेत हसत होते.

दुपारी धो धो पाऊस. माल रोडवर आत्याच्या छत्रीचे दांडे मोडले, नवीन घेतली, ती जाखूच्या चढावर माकडाने ओढायचा प्रयत्न केला. चष्मा, खाऊची पिशवी, छत्री, तिथे सगळं सांभाळा. शिमल्याबद्दल बाकी सगळ्यांनी लिहिलेलंच आहे.

दिवस चौथा: ठियोग, नारकंडा

अंतर साठ-पासष्ट किलोमीटर आणि आम्हाला लागला जवळजवळ अख्खा दिवस, कारण सफरचंदाचा सीझन. ठियोगच्या अलीकडे ट्रकांची रांग जी सुरू झाली ती संपेचना. ड्रायव्हर शांतपणे गाडी बंद करून खाली उतरला आणि एका ट्रकवाल्याशी भावाच्या गप्पा मारत बसला, यंदा पेटीला काय मिळालं वगैरे. सप्टेंबरमधे जाणार असाल तर शिमल्याहून पहाटे पाचला निघा, किंवा मग आमच्यासारखं बसा.

गाडीत बसून मी आत्याला साधूंचे परदेश दौरे वाचून दाखवत होतो. 1918 मधे दक्षिण भारत आणि सिलोन, मग ब्रह्मदेश, मलाया, चीन, जपान. 1920 मधे इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आणि या प्रवासाचं भाडं त्याच वडिलांनी दिलं ज्यांनी त्यांना घराबाहेर काढलं होतं, तोवर ते स्वतः ख्रिस्ती झाले होते. 1922 मधे पुन्हा युरोप, स्वित्झर्लंड, जर्मनी, स्वीडन. असा किस्सा सांगतात की एका घरी दार उघडायला आलेली मोलकरीण आत जाऊन मालकिणीला म्हणाली, बाहेर कोण आलंय माहीत नाही पण येशूसारखा दिसतोय. लोक त्यांना बघायलाच यायचे, आणि ते मात्र परत येऊन म्हणाले की पश्चिमेकडे पैसा आणि घाई फार, प्रार्थना कमी.

आत्याला सिलोनची गोष्ट जास्त आवडते. तिथे एका आजारी मुलासाठी प्रार्थना केली, तो बरा झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक रोगी घेऊन रांगा लावायला लागले. साधूंनी ते बंदच केलं, म्हणे लोक माझ्या हातांकडे बघायला लागले. चंगाई सभांच्या पोस्टरवर स्वतःचे पोस्टकार्डाएवढे दात दाखवणाऱ्या आपल्याकडच्या काही प्रचारकांना हे कुणीतरी वाचून दाखवा.

नारकंड्याला पोचलो तेव्हा अंधार आणि चांगलीच थंडी, गाव साधारण 2700 मीटरवर आहे. राजमा-भात खाऊन झोपलो.

दिवस पाचवा: ठाणेदार आणि कोटगढ

ट्रिपमधला सगळ्यात सुंदर दिवस. रात्रीतून ढग निघून गेले आणि सकाळी उत्तरेला बर्फाची रांग लख्ख. नारकंड्याहून ठाणेदारकडे देवदारांचं जंगल संपलं की एकदम सफरचंदाच्या बागा सुरू होतात, लाल फळांनी फांद्या वाकलेल्या, खाली बांबूचे टेकू. आमच्या होमस्टेच्या मालकीण बागेतच भेटल्या, पाठीला किल्टा, म्हणजे इथली पाठीवरची टोपली. त्यांना आत्या "बहनजी" म्हणाली, त्या आत्याला "माताजी", आणि आत्या दिवसभर नाराज, कारण वयात फार तर पाच वर्षांचा फरक असेल.

पॅकिंग शेडमधे फळं निवडायचं काम चालू होतं. लार्ज, मीडियम, स्मॉल, आणि सगळ्यात बारक्या फळाला पित्तू म्हणतात. मालकीणबाई म्हणाल्या पित्तूच सगळ्यात गोड असतं पण दिल्लीवाल्यांना मोठं लागतं. आम्ही पित्तूच खाल्ली, बसल्या बसल्या पाच-सहा. दुपारी सिड्डू केले होते, गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचे, आत अक्रोड आणि खसखशीचं सारण, वाफवलेले, वरून तूप. आत्या म्हणाली दिंडांसारखेच लागतात, फक्त पुरण नाही.

या बागांचं मूळ म्हणजे तोच सुबाथूचा स्टोक्स. त्याने आणि साधूंनी काही काळ फकिरासारखं राहून काम केलं, स्टोक्सने 1910 मधे एक बंधुसंघही स्थापन केला, साधू त्याचे रीतसर सभासद झाले नाहीत. मग स्टोक्सचा रस्ता बदलला. 1912 मधे इथल्याच मुलीशी लग्न केलं, जमीन घेतली, 1916 मधे अमेरिकेहून रेड डिलिशियसची रोपं आणून लावली, पहाडी लोकांवरची वेठबिगार बंद करायला इंग्रज सरकारशी भांडला, 1921 मधे राजद्रोहाखाली तुरुंगात गेला, आणि 1932 मधे हिंदू होऊन सत्यानंद झाला. त्याने बांधलेलं परमज्योतीर मंदिर ठाणेदारला आहे, लाकूड आणि दगडाचं, उपनिषदं आणि गीतेतली वचनं कोरलेली. तिथे आवर्जून जा, शांत जागा आहे.

म्हणजे बघा, दोन मित्र. एकाने घर केलं, बागा केल्या, आज अख्ख्या डोंगराच्या पोटापाण्याचं बघतोय. दुसरा निघून गेला. कोटगढमधे स्टोक्सचं नाव लहान पोरालाही माहीत आहे, सुंदरसिंगांचं नाव मिशनच्या जुन्या चर्चजवळच्या एका आजोबांनाच माहीत निघालं. ते म्हणाले, "हां, वो इधर से तिब्बत जाते थे," आणि खाली दरीकडे हात केला.

तिबेटला जायचे ते याच वाटेने. जुना हिंदुस्तान-तिबेट रस्ता, शिमला, नारकंडा, कोटगढ, खाली सतलज, मग रामपूर बुशहर, किन्नौर, आणि शेवटी शिपकी-ला. 1908 मधे पहिल्यांदा गेले तेव्हा किन्नौरातल्या पू गावच्या मोरेव्हियन मिशनऱ्यांनी त्यांना मदत केली, भाषा समजावी म्हणून सोबत माणूस दिला. नंतर जवळजवळ दर उन्हाळ्यात तिकडे.

आम्ही त्या वाटेचा थोडासा तुकडा चाललो. खेचराची वाट असते तशी, कडेला दगडी बांध, वर देवदार आणि खाली फार खोल सतलजची राखाडी रेघ. पायात चांगले ट्रेकिंगचे बूट असून माझे तळवे तासाभरात बोलायला लागले. हे सगळं अनवाणी, पाठीवर एक घोंगडी, हातात नवा करार. आणि इथून सीमेपर्यंत आठवडे.

चालता चालता आमचा वादही झाला. साधू सांगायचे की तिबेटात त्यांना कोरड्या विहिरीत टाकलं, वर कुलूप, तिसऱ्या रात्री कुणीतरी दोर सोडून बाहेर काढलं. कैलासाजवळ शेकडो वर्षं वयाचे एक ख्रिस्ती महर्षी भेटले असंही सांगायचे. यावरून त्यांच्या हयातीतच युरोपात मोठं रण माजलं होतं, होस्टन नावाचे जेझुइट फादर आणि झुरिकचे फिस्टर म्हणाले हा माणूस गोष्टी रचतो, जर्मनीचे प्रोफेसर हाइलर त्यांच्या बाजूने भांडले. मला ती विहीर पटत नाही, महर्षी तर अजिबात नाही, आणि मी ते आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "तुला पटायलाच पाहिजे असं कुणी म्हटलंय? पण पूच्या मिशनऱ्यांना तो दिसला होता ना? मग चाल."

संध्याकाळी शेकोटीला बसून टिळकांचा विषय निघाला, रेव्हरंड नारायण वामन टिळक. साधूंचा आवडता दृष्टांत होता की तहानेने बेशुद्ध पडायची वेळ आली तरी एका ब्राह्मणाने परक्याच्या कपातलं पाणी घेतलं नाही, स्वतःच्या लोट्यात दिल्यावर मात्र प्यायला, तेव्हा जीवनाचं पाणी हिंदुस्थानच्या भांड्यात द्या. आपल्याकडे टिळक तेच करत होते, कीर्तन, अभंग, आणि 1917 मधे मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' नावाची येशूभक्तांची संगत. आत्याचं म्हणणं, हे दोघं भेटले असते तर टिळकांनी त्याला टाळ धरायला लावला असता. मालकीणबाईंना यातलं काही कळलं नाही पण त्यांनी आणखी चहा आणला.

टीप: ठाणेदार-कोटगढला होमस्टे भरपूर, पण सीझनमधे घरची माणसं पहाटेपासून बागेत असतात, तेव्हा हॉटेलसारखी सरबराई मागू नका. न विचारता फळ तोडू नका. रोख पैसे ठेवा. संध्याकाळी स्वेटर लागतोच.

दिवस सहावा: परत कालका

उतरताना ट्रक कमी होते, दुपारनंतर कालक्याला आलो, गाडीला वेळ होता. एप्रिल 1929 मधे साधू सुबाथूहून निघाले. तब्येत बरी नव्हती, मित्रांनी नको म्हटलं होतं. या वेळी कोटगढची वाट नव्हती, खाली सपाटीवर येऊन ऋषिकेशकडून यात्रेकरूंबरोबर वर चढायचं होतं. त्यानंतर कुणालाच दिसले नाहीत. खरडला काम करणारे त्यांचे मित्र, रिडल नावाचे न्यूझीलंडचे मिशनरी, त्या वाटेने शोधत गेले, काही मागमूस लागला नाही. 1933 मधे सरकारने मृत धरलं. निघाले तेव्हा चाळिशीही पूर्ण नव्हती.

आत्याने प्लॅटफॉर्मवर पित्तूची पेटी उघडून शेजारच्या बाकावरच्या फौजी कुटुंबाला वाटायला सुरुवात केली. त्यातला एक जवान किन्नौरचा निघाला. त्याने सांगितलं की शिपकी-ला 2025 पासून आपल्या पर्यटकांना खुला झालाय, आधार कार्ड दाखवून जाता येतं, आणि पू त्याच वाटेवर. आत्याने लगेच विचारलं, तिथे थंडी कधी कमी असते. तो म्हणाला जून. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जूनची रजा टाक."